वरच्या मजल्यावरचा परदेश

परदेश संपायला अजून थोडा वेळ होता, आणि नाना जिन्याच्या पायथ्याशी खुर्ची टाकून बसले होते.

जिना म्हणजे समुद्र, हे त्यांनीच ठरवलं होतं. सुनेला परदेशातल्या एका लॅबकडून बोलावणं आलं, तेव्हाची ही गोष्ट. सून कवळ्या करायची. मेणात दात बसवण्यात तिचा हात असा, की शहरातले बरेच डॉक्टर तिच्याशिवाय दुसऱ्या कुणाकडे काम पाठवत नसत. नानांची कवळीही तिच्याच हातची. धाकटा, म्हणजे तिचा नवरा, गाडी चालवायला शिकवायचा; पण तिकडे गाड्या रस्त्याच्या उलट्या बाजूने धावतात, इथला परवाना तिथे चालत नाही, आणि शिकवण्याचा परवाना मिळेपर्यंत दोन वर्षं सहज जातील असं कळलं होतं. तोवर कमावणारी एकटी सून आणि खाणारी चार तोंडं. एका पगारात भागेल की नाही, यावरून घरात इतकी तोंडातोंडी झाली, की शेवटी नानांनी टेबलावर हात आपटून फर्मान काढलं, "आधी इथे भागवून दाखवा!"

वरचा मजला परदेश, खालचा मजला आपला देश. महिनाभर फक्त सुनेच्या पगारात राहायचं. तिकडे घरभाडं निम्मा पगार खातं असं कुणीतरी सांगितलं होतं, म्हणून निम्मा पगार पहिल्याच दिवशी घरमालक या नात्याने नानांनी काढून घेतला. धाकट्याने साठवलेली सगळी रजा घेऊन घरी पोरं सांभाळायची आणि त्याचा पगार नानांच्या कपाटात कुलपाआड. आतला जिना बंद. बाहेर जायला-यायला मागचा लोखंडी जिना. त्याला सात वर्षांच्या चिमणीने 'विमानतळ' असं नाव दिलं. खालून वर काही जायचं नाही, वरून खाली काही यायचं नाही. बोलायचं तर रविवारी, फोनवर.

आणि खरंच दर रविवारी खाली फोन वाजे. नाना छताकडे बघत ओरडत, "हॅलो! ऐकू येतंय का? हवा कशी आहे तिकडे?"

फोनच्या आधी जिन्यातूनच उत्तर ऐकू येई, "तुमच्यासारखीच, नाना!"

आज शेवटचा रविवार. वरची मंडळी जिना उतरून खाली येणार होती आणि उद्या सकाळपर्यंत सुनेला तिकडे होय की नाही ते कळवायचं होतं.

आत्या काठी टेकत आली. ती नानांची थोरली बहीण. जन्मभर हॉस्पिटलात सिस्टर म्हणून राबलेली, लग्नाच्या भानगडीत न पडलेली, आणि तिच्या म्हणण्याप्रमाणे म्हणूनच सगळे दात शाबूत असलेली.

"बोट उशिरा आहे का रे?"

"अक्का, थट्टा पुरे. आज निकाल आहे."

"निकाल तू आधीच लावून बसलायस. तोंड बघ तुझं."

"मी काही लावलेला नाही. मला एवढंच म्हणायचंय की नुसत्या हौसेनं संसार होत नाही. मी एकट्याच्या पगारात सहा तोंडं सांभाळलीयत. मला माहितेय काय असतं ते."

हे वाक्य घरात सगळ्यांना पाठ होतं. कागदाची गिरणी, एकट्याचा पगार, सहा तोंडं. स्वयंपाकघरात आई, म्हणजे नानांची बायको, कप धूत होती. हे वाक्य कानावर आलं की ती नेहमी करायची तेच तिने आत्ताही केलं. नळ थोडा मोठा सोडला.

नानांना खरं तर निकालाचं काही पडलं नव्हतं. महिनाभर ते दुपारी आडवे व्हायचे ते छताकडे कान लावून. चिमणीचा दीड वर्षाचा भाऊ गोळा वर कुठून कुठे पळतोय ते त्यांना पावलांवरून कळायचं. आत्ता खिडकीशी, आत्ता कपाटाशी, आत्ता धप्पकन पडला, आता रडणार, नाही रडला, शाबास. समुद्रापलीकडून ही पावलं ऐकू येणार नव्हती. पण हे सांगणार कुणाला? त्यापेक्षा महागाईवर बोलणं सोपं.

* * *

वर सून आरशासमोर केस विंचरत होती आणि स्वतःशीच हसत होती.

भागलं होतं. तिला वाटलंही नव्हतं इतकं भागलं होतं. पहिल्या आठवड्यात तिने रिक्षा सोडून चालत लॅबला जायला सुरुवात केली. दुसऱ्या आठवड्यात गोळ्याला ताप आला, पण डॉक्टरही त्याच पगारातून झाला. लॅबमध्ये दुसऱ्यांचे दात घासूनपुसून चमकवताना ती मनात एकच वाक्य घोळवायची. माझ्या एकटीच्या कमाईवर चार माणसं जेवतात. लहानपणापासून तिने हे वाक्य फक्त पुरुषांच्या तोंडून ऐकलं होतं. ते मनात नुसतं म्हणून बघतानाही पाठ आपोआप ताठ व्हायची.

"आई, बूट घालायचे का?" चिमणीने विचारलं.

"अगं, खालीच तर जायचंय."

"परदेशातून येताना बूट असतात."

मग बूट घातले. गोळ्यालाही घातले, उलटे, आणि तसेच राहू दिले.

स्वयंपाकघरातून खणखणाट आला. धाकटा एका मोठ्या पिशवीत काहीतरी भरत होता.

"काय रे हे?"

"भांडी. खालची. आठवणीनं परत करायला नकोत का?"

"किती होती आपल्याकडे खालची?"

"असतील," धाकटा म्हणाला, आणि त्याचा उजवा पाय जमिनीवर दाबला गेला. नवशिक्यांच्या शेजारी बसून इतकी वर्षं काढल्यामुळे त्याला ही सवयच लागली होती. कुठे धडक बसेलसं वाटलं, की पाय नसलेला ब्रेक शोधायचा. सुनेचं लक्ष नव्हतं. ती गोळ्याला उचलून जिन्याकडे निघालीसुद्धा.

* * *

खाली उतरल्यावर आधी चिमणीने पुठ्ठ्याचे चार पासपोर्ट पुढे केले. नानांनी ते चष्म्याखालून तपासले, गोळ्याच्या फोटोच्या जागी काढलेल्या बटाट्याकडे बघून "हा कोण?" असं विचारलं आणि सही ठोकली. मग त्यांनी गोळ्याला घेतलं ते बराच वेळ खाली ठेवलंच नाही.

तोवर ताई आली, हातावर इस्त्रीच्या कपड्यांची चळत घेऊन. ही धाकट्याची मोठी बहीण. मागच्या गल्लीत तिची लाँड्री होती, आणि त्या लाँड्रीसारखीच तीही कायम गरम.

"झाला का निकाल? मला लवकर सांगा, दुकान उघडं टाकून आलेय."

"बस तरी," आई म्हणाली. तिने चहा ओतला, बिस्किटं ठेवली आणि सगळे मोठ्या टेबलाभोवती बसले.

"हं, सूनबाई," नाना म्हणाले.

"भागलं," सून म्हणाली.

"सगळं?"

"सगळं. भाडं देऊन, चिमणीचे बूट घेऊन. वर टोपलीभर बटाटे उरलेत."

"चांगलं आहे. पण आजारपण? एखादं आजारपण आलं की सगळं गडगडतं. आता गोळ्याच्या तापाचंच बघ. दुसऱ्या आठवड्यात..."

"नाना," सून थबकली, "ताप तुम्हाला कसा कळला? मी रविवारी फोनवर मुद्दामच बोलले नव्हते."

नानांनी चहाचा मोठा घोट घेतला. "छतातून ऐकू येतं सगळं."

"ताप?" आत्या म्हणाली.

"खोकला! खोकल्यावरून कळतो ताप."

"मी चाळीस वर्षं सिस्टर होते, मला नाही कधी छतातून ताप कळला."

विषय भलतीकडे चाललाय असं वाटून धाकट्याला घाई झाली. "ते राहू दे. आधी ही भांडी घ्या ज्याची त्याची," असं म्हणून त्याने पिशवी उचलली आणि एकेक भांडं टेबलावर मांडायला सुरुवात केली. मागे न बघता गाडी मागे घेऊ नका, हे तो रोज दहा जणांना सांगायचा. तेच त्याने त्या क्षणी केलं.

आधी निघाला झाकणाचा स्टीलचा डबा, हॉस्पिटलच्या कँटीनचं नाव कोरलेला. मग दोन काचेचे वाडगे, लाँड्रीच्या खुणेचा लाल दोरा गुंडाळलेले. मग पुन्हा एक कँटीनचा डबा. आणि सगळ्यात शेवटी, चेपलेला, जुना, गिरणीतला जेवणाचा डबा. त्याच्या बुडावर नानांच्या बिल्ल्याचा नंबर ठोकलेला होता आणि तो नंबर या घरात शेंबड्या पोरालाही माहीत होता.

आत्या खिडकीबाहेर बघू लागली. ताईने घडी मोडलेला शर्ट पुन्हा घडी घालायला घेतला. नानांना गोळ्याच्या बुटात एकदम काहीतरी सापडलं.

"कुणाचे आहेत हे?" सुनेने विचारलं.

ताईची घडी आणखी बारीक झाली.

"वर कसे आले?"

"मी काय म्हणते," ताई म्हणाली, "पोराला ताप होता. मी आपला थोडा भात नेऊन दिला. एकदा."

"वाडगे दोन आहेत," आत्या म्हणाली.

"तुझे डबेही दोनच आहेत, आत्या!"

"माझं सूप होतं. सूप म्हणजे औषध. औषधाला नियम लागत नाही."

"आणि हा?" सुनेने गिरणीचा डबा उचलला. तिचा आवाज चढला नव्हता, पण डब्याचं बूड तिने नानांसमोर धरलं. "नाना, नियम कुणी केले होते?"

"अंडी होती," नाना पुटपुटले. "शनिवारी फिरायला जातो, वाटेत मिळतात. पोरांची हाडं वाढायची वयं. चार अंडी म्हणजे काही..."

"दर शनिवारी?"

यावर नानांनी काय करावं? त्यांनी कवळी काढली आणि शेजारच्या रिकाम्या कपात ठेवली. हे त्यांचं नेहमीचं. बोलणं अंगाशी आलं, की दात काढून ठेवायचे. बिनदातांच्या माणसाशी कोण वाद घालणार?

"वा!" सून उठून उभी राहिली. "म्हणजे मी महिनाभर चालत कामाला गेले, आणि इकडे सगळ्यांनी मिळून मला भातुकली खेळायला लावलं. मला वाटलं मी चार माणसं जगवतेय. नको. मी उद्या नाही म्हणून कळवते. नाना, तुमचंच खरं. एका पगारात नाही भागत."

तिचे डोळे भरून आले होते. चिमणीने बिस्कीट खाली ठेवलं. नानांना हवं तेच झालं होतं, पण ते असं व्हायला नको होतं. त्यांनी कपाकडे हात नेला आणि परत घेतला.

"अगं थांब," धाकटा म्हणाला. "बस. आपण त्यातलं काही खाल्लंच नाही."

"काय?"

"पहिल्यांदा ताई आली भात घेऊन. तिला नको म्हणायची माझी टाप आहे का? इस्त्री घेऊन मागे लागली असती. पण म्हटलं, खाल्लं तर आपला महिना गेला. तेवढ्यात आई आली, म्हणून भात आपल्याच पातेल्यात ओतून तिच्या हाती दिला. म्हटलं, खाली ने, सांगू नकोस कुणाला."

"तो भात?" आत्या गर्रकन वळली. "बुधवारचा? वाटाणे घातलेला? नाना, तू दोनदा घेतलास! म्हणालास, हिच्या हाताला आज काय चव आलीय!"

आई चहा गाळत राहिली. तिच्या ओठांच्या कडा हलल्या.

"आत्याचं सूप आलं ते किटलीत ओतून ताईला दिलं. चादरी न्यायला आली होती. म्हटलं, मी केलंय, भावजींना दे."

"ते आत्याचं सूप होतं?" ताई ओरडली. "आमच्या घरी म्हणाले, तुझा भाऊ परदेशी जायच्या आधीच सुधारला! मला चार दिवस ऐकावं लागलं ते!"

"आणि अंडी?" सुनेने विचारलं. ती खुर्चीच्या कडेवर पुन्हा टेकली होती.

"अंडी दर शनिवारी आईकडे. आई रविवारी सकाळी..."

सगळ्यांनी नानांकडे पाहिलं. दर रविवारी न्याहारीला नानांना ऑम्लेट मिळत होतं, आणि ते चवीने खाऊन, तोंड पुसून, ते परदेशाला फोन लावायला बसत होते. स्वतःची अंडी स्वतःच खाल्ली होती त्यांनी.

पहिली आत्या फुटली. मग ताई. हसता हसता ताईने हातातला शर्ट डोळ्यांना लावला, तो गिऱ्हाइकाचा होता. नाना बिनदातांचे हसले, तेव्हा गोळा त्यांच्या हिरड्यांकडे कौतुकाने बघत आपल्या चार दातांनी हसला.

"म्हणजे," सून म्हणाली, "भागलं?"

"तुझ्याच पगारात. शप्पथ," धाकटा म्हणाला. "एकही घास बाहेरचा नाही."

सुनेने गालावरून हात फिरवला. हसण्याच्या तयारीत असतानाच तिच्या कपाळाला एक आठी पडली. कवळी तोंडात नीट बसली तरी ती एकदा बोट फिरवून बघायची. कुठे टोचतंय ते दिसत नाही, बोटालाच लागतं.

"आई तेवढ्यात आली, म्हणालास. आई काय घेऊन आल्या होत्या?"

धाकटा रिकाम्या पिशवीत पुन्हा बघू लागला.

"यात आईंचं भांडं नाहीये."

"ती रिकाम्या हातानं यायची," धाकटा म्हणाला.

"कधी?"

"दुपारी. इथे सगळे आडवे झाले की. मागच्या जिन्यानं."

"रोज?"

"रोज म्हणजे..." त्याने टेबलाखाली ब्रेक दाबला. मग पाय सोडला. "हो, रोज. खरं सांगू? पहिल्या दोन आठवड्यांत मला वाटायचं, दार उघडं टाकून पळून जावं. एक रडतोय, दुसरीला शाळेतून आणायचंय, दूध उतू जातंय. रस्त्यावर मी कधी घाबरलो नाही, पण या दोन खोल्यांत घाबरलो. आई यायची, गोळ्याला मांडीवर घ्यायची आणि म्हणायची, तू पड जरा. मी पडायचो. एवढंच. नंतर जमायला लागलं. आता वेणीसुद्धा घालतो मी. पण ती आली नसती तर जमेपर्यंत टिकलो नसतो."

हे परत करायला भांडं नव्हतं. सुनेने समोरचे डबे एकेक करून बाजूला सारले.

"पैशानं भागलं," ती हळूच म्हणाली. "माणसानं नाही भागलं. तिकडे मागच्या जिन्यानं कोण येणार?"

आता मात्र टेबलाची दोन टोकं झाली. ताई म्हणाली, "जा गं तू, पाळणाघरं असतात तिकडे." आत्या म्हणाली, "पाळणाघराला निम्म्यातला निम्मा पगार जाईल, मग खाणार काय?" ताई म्हणाली, "तू कुणाच्या बाजूनं आहेस? सकाळी तर जाऊ दे म्हणत होतीस!" आत्या म्हणाली, "सकाळी मला हे ठाऊक होतं का?" धाकटा म्हणाला की तो सांभाळेल, आता येतं त्याला. सून म्हणाली की येतं तेव्हा येतं, पण तिकडचे पहिले महिने पुन्हा पहिल्यापासून. आणि या सगळ्या गलबल्यात नानांनी एक बोट वर केलं. कवळी कपातच होती. तरी त्यांनी वाक्य सुरू केलं.

"मी एकच्याच्या पगाराच..."

नळ लांब होता. म्हणून असेल, पण आई या वेळी बोलली.

"नव्हता हो एकट्याचा."

* * *

आईला बोलायची सवय नव्हती. टेबलावर कधी मत विचारलं, तर ती "तुमचं ठरलं की सांगा" म्हणायची. आत्ताही तिने आवाज चढवला नाही.

"छत्र्या आठवतात का तुम्हाला?"

ताईला आठवल्या. धाकट्यालाही. त्या जुन्या दोन खोल्यांत कोपऱ्याकोपऱ्यात काड्यांचे सांगाडे उभे असायचे. कारखान्यातून काळं कापड पाकळ्या कापून यायचं. आई त्या पाकळ्या मशीनवर जोडायची आणि मग हाताने एकेका काडीच्या टोकाला टाके घालून कापड ताणून बसवायची. खोलीत कायम नव्या कापडाचा कडवट वास असायचा. ताई आणि धाकटा अर्धवट शिवलेल्या छत्र्यांखाली घर-घर खेळायचे. एकदा धाकटा तिथेच झोपून गेला होता आणि सगळी गल्ली त्याला शोधत फिरली होती. केवढं सुख वाटायचं तेव्हा त्या काळ्या घुमटाखाली! बाहेर मशीनचा खडखड आवाज, आत अंधार, आणि अंधारात टाक्यांच्या भोकांतून येणारे उजेडाचे ठिपके.

"ती तुझी हौस होती," नाना बिनदातांचे म्हणाले. म्हणजे तसंच काहीसं ऐकू आलं.

"हौस!" आत्या म्हणाली. "बारा महिने छत्र्या, आणि याला वाटायचं हिला पावसाचं वेड आहे!"

"छत्र्यांवर पोरांच्या शाळा झाल्या," आई म्हणाली. "आणि या आत्या. तुमच्या सहा तोंडांत यांचं एक धरता ना तुम्ही? यांचा निम्मा पगार दर महिन्याला माझ्या हातात यायचा. तुम्हाला सांगू नको म्हणायच्या. म्हणायच्या, त्याचा ताठा मोडेल. आणि सासूबाई होत्या. पोरं त्यांनी बघितली, म्हणून माझं मशीन चाललं. तुमचा पगार आला नसता तर आपण उपाशी राहिलो असतो, हे खरं. पण त्या एकट्यावर या घरात एक दिवससुद्धा गेलेला नाही हो."

तिने सुनेकडे पाहिलं. "म्हणून तू नाही म्हणू नकोस. एकीच्या पगारावर घर चालतं का, असं विचारत बसलात तर कधीच चालत नाही. पगार एक असू दे. हात किती आहेत ते बघा."

लॅबमध्ये मनात घोळवत असलेलं वाक्य सुनेला आठवलं आणि त्यात तिने धाकट्याची वेणी घालणारी बोटं बसवून बघितली. वाक्य लांबलं, पण बसलं.

"हात दोन कमी पडतायत ना?" आई म्हणाली. "मी येते. पहिले सहा महिने."

ताईने शर्ट खाली ठेवला.

"आई, तू?" ताई म्हणाली. "तू कधी पलीकडच्या गावाला एकटी गेली नाहीस!"

"इथे महिनाभर रोज परदेशी जातच होते की. मागच्या जिन्यानं."

"पण आई," सुनेला हसावं की रडावं कळेना, "आणखी एक तोंड..."

"माझं खाणं ते किती! आणि तिकिटाचं म्हणशील, तर याचा महिन्याचा पगार कपाटात आहे आणि तुझं भाडंही आहे. घरमालकाला काय करायचंय त्याचं?"

नाना कपात बोटं घालून दात शोधत होते. घाईत कवळी आधी उलटी बसली. मग सुलटी बसली. सगळे थांबले.

"आणि मी?" नाना म्हणाले. आता शब्द स्पष्ट होते.

"तुम्हाला काय झालंय?" आई म्हणाली. "तुम्ही एकट्यानं घर चालवलेलं आहे. चालवा."

आत्याने काठी जमिनीवर आपटली, टाळी वाजवल्यासारखी.

नाना इकडेतिकडे बघू लागले. "म्हणजे, अक्का आहे म्हणा..."

"मी ताईकडे चालले," आत्या म्हणाली. "नाहीतर उद्या सगळे म्हणतील, नानाचं भागलं ते बहिणीच्या जिवावर."

"ये, ये," ताई म्हणाली. "सूप करत जा. तिकडे तुझ्या सुपाचे चाहते आहेत."

नाना मांडीवरच्या गोळ्याकडे बघत राहिले. त्याचे उलटे बूट त्यांनी काढले, सुलटे घातले, नाड्या बांधल्या. सहा महिने. बायको, मुलगा, सून, पोरं. छत गप्प. एवढं सगळं त्यांच्या चेहऱ्यावरून जाताना सुनेला दिसलं. ती उठली आणि त्यांच्या खुर्चीशी आली.

"नाना, तुम्ही नको म्हणालात तर मी खरंच नाही जाणार."

नानांनी दातांवर दात दाबून बघितले. तिनेच केलेले होते. कुठे टोचत नव्हते.

"जा," ते म्हणाले. "पण जायच्या आधी दुसरी कवळी करून ठेव. ही मोडली तर तुझ्या नावानं शिव्यासुद्धा देता यायच्या नाहीत मला."

सुनेने त्याच संध्याकाळी होय म्हणून कळवून टाकलं. आणि टेबल आवरता आवरता आत्याने नानांचाच आवाज काढून, टेबलावर हात आपटून म्हटलं, "पण वहिनी अशी तशी जाणार नाही. नाना, आधी इथे भागवून दाखव!"

* * *

पुढच्या रविवारी दुपारी वरचा फोन वाजला. आई गोळ्याला मांडीवर घेऊन बसली होती. धाकटा चिमणीची दुसरी वेणी घालत होता. आतला जिना बंद होता, आणि खालून कसला तरी करपल्याचा वास हळूहळू वर येत होता.

"हॅलो!" फोनमधून आणि जमिनीखालून एकदमच आवाज आला. "अगं, मिठाचा डबा कुठे असतो?"

आईने खिडकीबाहेरच्या लख्ख उन्हाकडे बघितलं.

"तुमच्याकडे दुपार असेल," ती म्हणाली. "इकडे मध्यरात्र झालीय. झोपलेय मी."

आणि तिने फोन ठेवला.